दर वीस मिनिटांनी

चष्मेवाल्यांच्या लेकीची प्रवेश परीक्षा घरीच, लॅपटॉपवर होती. पास झाली तर शिष्यवृत्ती, नाहीतर वर्ष वाया. तिच्या बंद दाराबाहेर चष्मेवाले हातात घड्याळ घेऊन स्टुलावर बसले होते.

या माणसाने उभा जन्म लोकांच्या नाकावर चष्मे चढवले, पण लेकीच्या नाकावर चढू द्यायचा नाही, हा हट्ट! पडद्यासमोर अभ्यास करून पोरीचे डोळे लाल व्हायचे, डोकं ठणकायचं. म्हणून पठ्ठ्या शिबिराला जाऊन व्यायाम आणि ॲक्युप्रेशर शिकून आला. दर वीस मिनिटांनी लांब बघायचं, भुवईच्या आतल्या टोकाला अंगठ्याने दाबायचं, मग तळवे चोळून डोळ्यांवर. दोन वर्षं "बाळा, डोळे!" अशी हाक आली, की लेक मुकाट्याने सगळं करायची. आणि खरं सांगायचं, तर तिचं डोकं दुखणं थांबलं होतं.

"बाबा, आज अजिबात बोलायचं नाही. कॅमेरा चालू असतो," तिने बजावलं होतं.

"मी कशाला बोलतोय?"

विसाव्या मिनिटाला त्यांनी कसंबसं तोंड मिटून ठेवलं. चाळिसाव्याला आतून "आई गं" ऐकू आलं आणि बापाला राहवेना.

"बाळा, डोळे!" ते कुजबुजले. शेजारच्या दोन घरांना ऐकू गेलं, एवढंच.

सवयीने लेकीची नजर खिडकीबाहेर गेली. लॅपटॉप कोकलला: नजर पडद्यावर नाही, पहिली ताकीद. दचकून तिने भुवई दाबली. हात चेहऱ्यासमोर, दुसरी ताकीद.

"बाबा, जा ना हो!"

बोलणं ऐकू आलं, म्हणजे खोलीत दुसरी व्यक्ती, तिसरी ताकीद. परीक्षा रद्द.

चार दिवस ती बापाशी बोलली नाही. वाईट वाटणारच हो, दोन वर्षांची मेहनत होती. चष्मेवाल्यांना जेवण जाईना.

लेकीने परीक्षा पुन्हा घ्यावी म्हणून अर्ज केला होता, त्याची पाचव्या दिवशी त्याच लॅपटॉपवर सुनावणी झाली. अधिकारी बाई दिवसाला तीनशे मुलांची चित्रणं तपासत होत्या. त्यांचे डोळे रडल्यासारखे लाल होते.

"मॅडम, चूक माझी. तिला शिक्षा नको," चष्मेवाल्यांनी हात जोडले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कॉपी नाही, हे दिसतंय मला. अर्ज मंजूर करतेच. पण आधी सांगा, कुठे दाबायचं म्हणालात?"

विचारायचाच अवकाश! लेक टेबलाखालून पाय मारत होती, पण बाबा रंगात आले होते. "आता तळवे डोळ्यांवर. साठ आकडे मोजा."

"हाश्श!" बाईंनी चेहरा झाकला.

चाळिसाव्या आकड्याला पडद्यावर अक्षरं आली: अधिकारी अनुपस्थित. सुनावणी समाप्त. अर्ज फेटाळला. फेरसुनावणी नाही.

लेकीला आधी हसू फुटलं, आणि हसता हसता ती हमसून रडायला लागली. चष्मेवाल्यांनी तिचे डोळे पुसायला हात पुढे केला आणि भीतीने मागे घेतला.

तिनेच तो हात ओढून घेतला.

"बाबा, पुढच्या वर्षी परीक्षेच्या दिवशी तुम्ही आत्याकडे जायचं."

"आदल्या दिवशीच जातो गं."