ऑस्करचा उपास

"अकरा," म्हणून ठकुबाईंनी काचेवरचं बोट काढलं आणि नवऱ्याकडे वळून पाहिलं. "काल सांजचे तेरा व्हते. दोन कुठं गेले?"

केसरीनाथांनी पेपर खाली न करताच विचारलं, "मी काय माशांचा वॉचमन हाय?"

"वॉचमन न्हाय, म्हनूनच इचारते. श्रावन लागून पाचवा दीस हाय आज. तोंड उघडा बघू."

आता पन्नाशीच्या माणसाने, ज्याची राहनाळला दोन गोदामं भाड्याने चालतात आणि ज्याला रस्त्याने जाताना चार लोक रामराम घालतात, त्याने स्वतःच्या हॉलमध्ये बायकोसमोर आ करून बसायचं म्हणजे कमालच झाली. पण केसरीनाथांनी आ केला. कारण गेल्या श्रावणात गोदामाच्या मागे वर्तमानपत्रावर भाजलेले सुके बोंबील मांडून बसलेले असताना ठकुबाईंनी त्यांना रंगेहाथ पकडलं होतं. तेव्हापासून त्यांच्या तोंडाला घरात काही इज्जतच राहिली नव्हती.

ठकुबाईंनी वास घेतला. वास चहाचा होता. "दात घासलेले दिसतात," त्या संशयाने म्हणाल्या आणि आत गेल्या.

ही काचेची पेटी म्हणजे केसरीनाथांचीच हौस. बंगला बांधला, हॉलला चकचकीत लाद्या बसवल्या, तरी शोकेसशेजारचा कोपरा मोकळा मोकळा दिसायचा. म्हणून आषाढात ते कल्याण नाक्यावरच्या दुकानात गेले आणि जो मासा डोळ्यांत भरला तो घेत सुटले. गप्पी घेतले, मॉली घेतले, चपटे उभट एंजल घेतले आणि काळ्या अंगावर निखाऱ्यासारखे ठिपके असलेला एक ऑस्करही घेतला. दुकानदार चाचा भला माणूस. तो म्हणाला, "सेठ, ये सब साथ में नहीं रहेंगे. ऑस्कर अभी चार उंगल का है. बडा होगा तो छोटों को छोडेगा नहीं."

केसरीनाथ हसले. "चाचा, हम आगरी लोग हैं. सात पीढी खाडी में गई. हमको मछली मत सिखाव."

खोटं काही नव्हतं त्यात. कुठला मासा ताजा, कुठल्यात किती काटे, कशाला चिंच लागते आणि कशाला कोकम, हे केसरीनाथ डोळे मिटून सांगत. फक्त माशाशी त्यांची ओळख आजवर मासा मेल्यानंतरच झाली होती. जिवंतपणी तो घरात कसा वागतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

बरं, एरवी दोन मासे गेले असते तर गेले असते. पण यंदा लेकीचं, मनालीचं जमत होतं. मनाली आणि अंबाडी गावचा प्रितेश एका कॉलेजात होते; त्यांचं आपापसात केव्हाच ठरलं होतं, आता मोठ्यांनी ठरवल्यासारखं करायचं तेवढं बाकी होतं. मध्यस्थीला गावातला नामा. प्रितेशचे वडील रामनाथ माळकरी. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी गळ्यात माळ घातली, तेव्हापासून त्यांच्या घरात मासळीचा खवलासुद्धा आला नव्हता. पहिल्या भेटीत त्यांनी सरळच विचारलं, "तुमच्यात खान्याचं कसं?"

समोर मनालीचा काकुळतीला आलेला चेहरा. केसरीनाथ बोलून गेले, "सोडल्यातच जमा हाय. या श्रावनापासून कायमचं बंद. पुढं मी पन माळच घालीन म्हनतो."

ठकुबाईंना जोराची उचकी लागली होती. रामनाथ खूश झाले. त्यांच्या बायकोने, कमळाबाईंनी मात्र चहा अर्धाच ठेवला. श्रावणातल्या तिसऱ्या रविवारी येऊन शब्द देतो, असं सांगून मंडळी गेली.

आणि इकडे घरात मासे कमी होऊ लागले.

अकराचे नऊ झाले. केसरीनाथांनी मांजरावर संशय घेतला आणि पेटीच्या झाकणावर पाटा ठेवला. नवाचे सात झाले. मग मोटरवर संशय घेतला, ती उघडून पाहिली. तिच्यात शेवाळ निघालं, मासा नाही. ऑस्करवर कोणाचा संशय जाणंच शक्य नव्हतं, कारण ऑस्कर काही खातच नव्हता! दाणे टाकले की बाकीचे धावायचे. हा कोपऱ्यात दगडाशेजारी डोळे स्थिर करून नुसता बसून राहायचा.

"बगा, बगा जरा," ठकुबाई हात जोडून म्हणायच्या. "मुकं जनावर, पन उपास धरलाय. दान्याला तोंड लावत न्हाय. आनि तुमी!"

"अगं, मी पन वरनभातच खातोय!"

"घरात."

शेवटी मनाली रडायलाच लागली. "बाबा, एक महिना धीर धरवत नाही तुम्हाला? माझ्यासाठीसुद्धा? आणि खायचेच होते तर ते रंगीत कशाला खाल्ले?"

हे मात्र केसरीनाथांच्या फार जिव्हारी लागलं. बोंबील खाल्ले तेव्हा सगळे बोलले, त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. ते खाल्लेच होते. पण न खाता ऐकून घ्यायचं म्हणजे अगदीच फुकटची शिक्षा. लेकीचे डोळे पुसायचे तर पेटी भरलेली दिसली पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. सकाळी गोदामावर जातो सांगून ते थेट कल्याण नाक्याला गेले आणि आठ आण्याच्या नाण्याएवढे दोन एंजल आणि चार गप्पी पाण्याच्या पिशवीत घेऊन निघाले.

दुकानाबाहेरच नामा उभा. केसरीनाथांनी पिशवी शर्टाखाली सारली. पिशवी गळकी होती. शर्ट पोटावर भिजत चालला.

"काय शेठ, श्रावनात?" नामाने डोळा बारीक केला.

"शोभेचे हायेत रे!"

"मी कुठं काय म्हनालो? पन एवढुश्यात तुमचं काय भागनार?"

नामाच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ. त्यातून केसरीनाथांना त्या आठवड्यात आणखी दोनदा जावं लागलं, कारण नव्याने आणलेले मासेही टिकेनात. दुसऱ्यांदा तर बस स्टॉपवर अर्धं गाव होतं. केसरीनाथ श्रावणात पिशव्या भरून मासे आणतात, ही बातमी राहनाळहून अंबाडीला पोचली. आणि वाईट म्हणजे ती खरी होती.

तिसरा रविवार उजाडला. रामनाथ, कमळाबाई, प्रितेश आणि खालमानेने नामा, सगळे हॉलमध्ये बसले. मनाली पोहे देऊन दाराआड उभी राहिली. रामनाथांनी पोह्यांना हात लावला नाही.

"केसरीनाथशेठ, मी स्पष्ट बोलतो. तुमच्या घरात श्रावनात मासे खातात, असं माझ्या कानावर हाय."

केसरीनाथ ताडकन उठले. तीन आठवड्यांचं साठलेलं सगळं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. "देवाशपथ सांगतो, रामनाथशेठ! या घरात श्रावनात कुनी एक मासा जरी खाल्ला असंल, तर ही सोयरीक मी स्वतः मोडीन!"

पेटीत डुबकन पाणी हललं.

"खाल्ला," रामनाथ शांतपणे म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ऑस्कर दगडाशेजारी नेहमीसारखाच डोळे स्थिर करून बसला होता. तोंडातून एंजलची अर्धी शेपटी बाहेर आली होती. त्याने ती सावकाश आत घेतली.

"अगं बया!" ठकुबाई किंचाळल्या. "मेल्या, तुझा तर उपास व्हता ना रे!"

"मग मोडायची का सोयरीक?" नामाने भाबडेपणाने विचारलं.

रामनाथ पहिल्यांदाच खदाखदा हसले. "त्या मुक्याला कसला श्रावन? मानूस निर्मळ निघाला, झालं तर! माझ्याकडून होकार. कमळा, तू बोल."

दाराआड मनालीने कान टवकारले. कमळाबाईंचा चेहरा मात्र एकदम उतरला होता. "बगू," त्या हळूच म्हणाल्या. "घरी जाऊन कळवतो."

घरी जाऊन कळवतो म्हणजे काय, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. निर्दोष ठरून माणूस नापास व्हावा, असं हे पहिलंच स्थळ असेल. कमळाबाई हात धुवायला मागच्या पडवीत गेल्या, तसे केसरीनाथही पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेले.

"वैनी, आमचं काय चुकलं?"

"तुमचं न्हाय भाऊ, माझंच नशीब." कमळाबाईंनी आत एकदा डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माळ ह्यांनी घातली, मी न्हाय. पन नऊ वर्सं झाली, घरात सुकटसुद्धा न्हाय. माहेरी आता कुनी उरलं न्हाय. म्हटलं, लेकाचं सासर तरी खानारं बगू. तुमी माळ घालनार म्हनालात, तवाच मी मनातून न्हाय म्हटलं व्हतं. मंग नामाने सांगितलं, तुमच्याकडं श्रावनात पन सुटत न्हाय. तवा कुठं आले मी आज." त्यांनी पदराने हात पुसले. "आनि तुमी तर खरंच खाल्ले न्हाय."

आत मनाली कप गोळा करत होती. एका हाताने ती डोळे पुसत होती. केसरीनाथांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "वैनी, कुनाला बोलू नका. खाल्ले."

"खोटं!"

"गप्पी खाल्ले. मॉली खाल्ले. त्या काळ्याने आज एकच खाल्ला. बाकी सगळे मी."

कमळाबाईंचे डोळे चमकले, पण बाई कच्ची नव्हती. "कसे केले?"

"रव्यात घोळवून, गोदामाच्या मागं, लहान तव्यावर." केसरीनाथांना आता आपोआप सुचत चाललं. "आलं-लसूण जरा चढं लावायचं. एंजलला काटा हाय थोडा, पन चव हाय. माळेचं तर कायतरीच बोललो मी. श्रावन सरला की तुमी या, दर पंधरा दिसाला या. जिताडा आनून ठेवतो."

कमळाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, चेहरा गंभीर केला आणि त्या हॉलमध्ये जाऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अवो, घरी जाऊन कळवायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "आत्ताच साखर वाटा. एवढं सात्त्विक घर आपल्याला पुन्हा गावायचं न्हाय."