हार्मसेनसाहेबांचा पंचविसावा हिवाळा

नोटबुर्गाबाईंना पाहुण्यांना एवढंच सांगायचं होतं, की पुढच्या हिवाळ्यापासून येऊ नका. वाक्य लहान होतं. चादरींच्या घड्या घालताना, अंडी उकडताना त्यांनी ते शंभरदा म्हणून पाहिलं होतं. एकट्याने म्हटलं की खणखणीत यायचं. समोर हार्मसेनसाहेब आले, की तेच वाक्य घशात वळण घ्यायचं आणि "अजून एक अंडं देऊ का?" होऊन बाहेर पडायचं.

बाईंचं घर डोंगराच्या पायथ्याशी. स्कीचा उतार थेट त्यांच्या परसात येऊन थांबायचा. लहानपणी त्या शाळेतसुद्धा स्कीवरून जायच्या आणि गावातल्या दांडग्या पोरांना बर्फ खायला लावायच्या. मग लग्न झालं, वरच्या चार खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या, आणि हिवाळा म्हणजे चादरी, अंडी आणि चुलीशेजारी वाळत घातलेल्या परक्या मोज्यांचा वास होऊन बसला. सगळं जग खिडकीसमोरून घसरत खाली यायचं आणि बाई ती खिडकी पुसत असायच्या. हलवायाच्या घरी गोड कोण खातो? पुढे नवरा गेला, गुडघा कुरकुरायला लागला, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, "बाई, गुडघा बदलावा लागणार. स्कीवर उभं राहायचं मनात असेल, तर पुढचा एक हिवाळा. फार तर."

त्या एका हिवाळ्यासाठी बाईंना घर बंद ठेवायचं होतं. बाकीचे पाहुणे एका फोनवर समजले. उरले फक्त हार्मसेन नवराबायको. समुद्राकाठच्या सपाट मुलखातून दर फेब्रुवारीला इतक्या लांब गाडी हाकत येणारी माणसं. त्यांना फोनवर नको म्हणणं बरं दिसेना. तोंडावर सांगू, असं ठरलं. तोंडं समोर आली, आणि तिथेच गाडं अडलं.

रविवारी देवळात पाद्रीबाबांनी नेमकं खरं बोलण्यावर निरूपण केलं. त्यांचा गळा गोड. निम्मं बोलायचे, निम्मं गायचे, आणि मधेच ऑर्गनवाल्याने सूर धरला की बाईंच्या अंगावर काटा यायचा. "गोड खोटं हे मधात बुडवलेल्या माशीसारखं असतं," पाद्रीबाबा गात म्हणाले, "देणाऱ्याला मध दिसतो, घेणाऱ्याच्या तोंडात माशी जाते." बाईंनी डोळे पुसले आणि तडक घरी आल्या.

हार्मसेनसाहेब न्याहारीच्या टेबलावर पाव कापत होते. पावात हॅम, त्यावर चीज, वरून काकडी, मग कागदी रुमालात गुंडाळून जाकिटाच्या खिशात. शेजारच्या घरांतून "न्याहारी बरोबर नेऊ नये" अशा पाट्या होत्या. बाई मात्र न बोलता एक पाव जास्त ठेवायच्या.

"हार्मसेनसाहेब, मला जरा बोलायचं होतं."

"बोला की! पण आधी हे ऐका. डोंगरावर सूप कधी पिऊ नये. अहो, पाणी तेच, फक्त ते रोपवेने वर आलेलं असतं, आणि त्याचं तिकीट आपण काढायचं! बूट एप्रिलमध्ये घ्यावेत, दुकानदार रडत रडत देतो. आणि रोपवेचा पास घ्यायचा तो दुपारनंतरचा. सकाळी नुसता बर्फाचा दगड असतो."

"अहो, त्या काहीतरी सांगतायत," विबकेबाई, म्हणजे त्यांची बायको, हळूच म्हणाल्या.

"हो, हो. काय म्हणत होतात?"

"अजून एक अंडं देऊ का?" नोटबुर्गाबाई म्हणाल्या.

आता दुसऱ्याच्या तोंडून सांगावं, म्हणून त्या पर्यटन कचेरीत भाच्याकडे गेल्या. किलिआन तिथे नोकरीला होता आणि गावच्या बँडमध्ये तुतारी वाजवायचा.

"किलिआन, माझ्या घराचं नाव खोल्यांच्या फलकावरून काढ. आणि हार्मसेनांना तूच सांग बाबा, की आत्या दमली."

किलिआनचा चेहरा उतरला. "आत्या, काय बोलतेस! त्यांचं हे पंचविसावं वर्ष. बुधवारी सन्मान ठरलाय. सरपंच येणार, बँड येणार, मी एकट्याने वाजवायचा तुकडा बसवलाय. निष्ठावंत पाहुण्यांचं सोन्याचं पदक आहे!"

"अरे, पण मला विचारायचं तरी!"

"तुला आनंदाचा धक्का द्यायचा होता."

धक्का बसला होता, यात शंका नव्हती.

बुधवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं. सरपंचांनी दोघांच्या छातीवर पदकं टोचली, हातात धुरावलेल्या हॅमची आख्खी तंगडी दिली आणि म्हणाले, "अशी निष्ठा आता नवराबायकोतही सापडत नाही!" किलिआनने तुतारी फुंकली. सूर दोनदा घसरला, तरी टाळ्या पडल्या. मग सरपंचांनी खिशातून पाकीट काढलं. "आणि गावातर्फे भेट! पुढच्या फेब्रुवारीत आख्खा आठवडा फुकट. कुठे? अर्थात आमच्या नोटबुर्गाबाईंकडे!"

हॉल दणाणला. बाईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. हातांना कोणी विचारलंच नव्हतं. हार्मसेनसाहेबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. हर्ष फार झाला असेल, असं बाईंना वाटलं, आणि त्या अधिकच खचल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोट चढवला. घरात बोलताना जीभ अंड्याकडे वळते ना, मग डोंगरावर बोलू. तिथे अंडी नाहीत. बस धरून त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, रोपवेच्या खालच्या स्टेशनात उतरल्या. आणि दार ढकलतात तो काय, ऊबदार प्रतीक्षालयाच्या बाकावर हार्मसेनसाहेब बसलेले! स्की कोरड्या ठणठणीत, हातात बाईंचाच पाव.

"साहेब? वर नाही गेलात?"

साहेबांचा घास अडकला. पकडलेल्या चोरासारखे ते उठू लागले आणि कंबर धरून पुन्हा खाली बसले. "नोटबुर्गाबाई, आता काय लपवू. खुबा गेलाय माझा. चार हिवाळे झाले, मी वर गेलेलो नाही. रोज इथेच बसतो. शेगडी चालू असते, आणि बसायला पैसे पडत नाहीत."

"आणि विबकेबाई?"

"ती त्या समोरच्या पोहण्याच्या तलावावर. तिला बर्फ कधीच आवडला नाही."

"मग येता कशाला एवढ्या लांब?"

"तुमच्यासाठी!" साहेब कळवळून म्हणाले. "तुमचे यजमान गेले त्या वर्षी तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, 'तुम्ही आलात म्हणून हे घर घर वाटतं.' मग तुमचं मन कसं मोडायचं? काल ते पाकीट हातात पडलं, तेव्हा मला दरदरून घाम फुटला हो!"

नोटबुर्गाबाई धपकन शेजारी बसल्या. तसं आपण म्हणालो होतो, हे त्यांना अंधुक आठवलं. दारात उभं राहून माणूस काहीतरी बोलतोच. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. मग त्यांनीही मन मोकळं केलं: गुडघा, डॉक्टर, तो एक हिवाळा, सगळं. बोलता बोलता दोघं हसायला लागली, आणि हसता हसता बाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"चार वर्षं!" त्या म्हणाल्या. "चार फेब्रुवारी मी तुमची अंडी उकडत बसले, आणि तुम्ही इथे बसून माझा पाव खात होतात!"

"पुढचा हिवाळा कशाला?" साहेब ताडकन म्हणाले. "आजच! दुपारचा पास स्वस्त. डावीकडच्या दुकानातून स्की घेऊ नका, लुटतो. मागच्या गल्लीत म्हातारा आहे, गाववाल्यांना निम्म्यात देतो. चला, उठा!"

पंचवीस हिवाळ्यांचा सल्ला अखेर कुणाच्या तरी कामी आला. तासाभरात बाई वर पोहोचल्या. वारा तोच होता. समोरचे डोंगर तेच होते, आपापल्या जागी, कुणी वाट पाहिली असं न दाखवता. बाईंनी छातीवर क्रॉसची खूण केली, काठ्या टेकल्या आणि उतारावर अंग सोडलं. पहिलं वळण असं आलं, जणू मधली वर्षं कुणी घडी घालून कपाटात ठेवली होती. दुसऱ्या वळणाला गुडघा आतून निखळल्यासारखा झाला आणि त्या बर्फात बसल्या. कळ नव्हती एवढी. नुसतं कळून चुकलं, की झालं तेवढंच. पुढच्या हिवाळ्यापर्यंत आपण थांबलो असतो, तर हेसुद्धा मिळालं नसतं; आणि चार वर्षं आधी आलो असतो, तर... त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. स्की खांद्यावर घेऊन त्या लंगडत पुन्हा रोपवेत बसल्या आणि बसूनच खाली आल्या.

खाली हार्मसेनसाहेब आणि तलावावरून आलेल्या, ओल्या केसांच्या विबकेबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या. दोघांच्या छातीवर पदकं चमकत होती. साहेबांनी कंबर विसरून दार उघडलं.

"कसं झालं? सांगा ना, कसं झालं?"

बाईंनी त्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी आतुर तोंडं त्यांच्यासाठी आजवर कुणी करून ठेवली नव्हती.

"काय सांगू," त्या म्हणाल्या, "स्वर्ग!"

"बघ, विबके! मी म्हणत नव्हतो?" साहेबांनी दोन्ही हात चोळले. "मग आता पुढच्या फेब्रुवारीत रोज यायचं इथे. आम्ही येतो. तुम्ही वर जायचं, मी खाली तुमची पिशवी सांभाळीन."

विबकेबाईंचं हसू किंचित थरथरलं, पण त्यांनी मान डोलावली.

नोटबुर्गाबाईंनी तोंड उघडलं. गुडघ्यात ठणका सुरू झाला होता.

"या की," त्या म्हणाल्या. "या वेळी खालची खोली देते. जिना नको तुम्हाला."