नाफड्यांची उघडी खिडकी

आमचे शेजारी नाफडे कचऱ्याचा डबा फुटपाथवर ठेवण्याआधी झाकण उघडून आतला फोटो काढतात. कोणी गुपचूप आपला कचरा त्यात टाकला, तर पुरावा असावा म्हणून. "तुमच्यावर संशय नाही हं भाऊ," असं ते मला दर आठवड्याला सांगतात. त्यांचं घर रांगेतलं शेवटचं. शेजारी मी एकटाच.

नाफडे मूळचे नागपूरचे. इथे परदेशात, टॅला नावाच्या उपनगराजवळच्या एका कारखान्यात हृदयाच्या कृत्रिम झडपा तपासतात, म्हणजे संशय घेण्याचाच पगार घेतात. पूर्वी तो संशय कारखान्यात राहायचा. करोनात कागदपत्रांचं काम घरून सुरू झालं आणि तोही घरी आला. कोणी जरा हसून बोललं की नाफडे डोळे बारीक करतात. "यात गोम आहे."

२०२०च्या नोव्हेंबरात त्यांची सोळा वर्षांची गार्गी शाळेत विद्यार्थी प्रतिनिधी झाली. करोनामुळे वर्गाच्या खिडक्या दिवसभर सताड उघड्या, आणि गणवेशावर कोट घालायचा नाही हा नियम मात्र जागचा हललेला नाही. मुलं कुडकुडत होती. ते सांगायला शाळेच्या व्यवस्थापन मंडळाने गार्गीला ऑनलाइन सभेत दहा मिनिटं दिली. त्या मंडळावर पालकांचा प्रतिनिधी मी. निवडीच्या सभेत बाकी सगळ्यांनी कॅमेरे बंद केले होते. मला माझा बंद करता येईना.

नाफडे कुंपणाशी आले. "मोठ्यांच्या मंडळाला पोरांचं मत काहून पाहिजे, भाऊ? पोरीला मतदान नाही, नुसतं बोलायचं. यात गोम आहे. नाव टिपून ठेवतील."

"बाबा, इट्स ग्रँड," मागून गार्गी म्हणाली. "दे जस्ट वाँट टू लिसन."

"ऐकणारेच लक्षात ठेवतात," नाफडे म्हणाले.

गार्गी झकास बोलली. ती गेल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, "ग्रँड, वुई'ल हॅव अ लुक अ‍ॅट दॅट." सभा संपताच मी कुंपणावरून जाहीर केलं, "मंजूर झालं." सभेतलं बाहेर सांगायचं नसतं, हे मला पुढच्या सभेत सांगण्यात आलं.

"नेमकं काय म्हणाल्या?" नाफड्यांनी विचारलं. मी शब्दन् शब्द सांगितला.

"म्हणजे 'बघू' म्हणाल्या. आपल्याकडे साहेब 'बघू' म्हणाला की तुम्ही काय समजायचे, भाऊ?"

मुंबईच्या कचेरीत अकरा वर्षं मी स्वतः लोकांना 'बघू' म्हणून घरी पाठवलेलं. इंग्रजीतून आल्यावर तेच मला आश्वासन वाटलं होतं.

नाफडे कचऱ्याच्या डब्याकडे बघत म्हणाले, "कॉलेजात मीही प्रतिनिधी होतो. होस्टेलच्या पाण्यासाठी प्राचार्यांकडे गेलो. निघालो तेव्हा मागे चाळीस जण. दार उघडलं तेव्हा मी एकटाच."

दोन आठवडे गेले. शाळेचं बघणं चालूच होतं. पुढच्या सभेला गार्गीला बोलावणं नव्हतं; विषय निघाला तर माझ्याकडून निघणार होता. गार्गीने खिशातून छोटा थर्मामीटर नेऊन रोज वर्गातलं तापमान लिहून ठेवलं होतं. तो तक्ता घ्यायला मी एका दुपारी गेलो, तर नाफड्यांची खिडकी सताड उघडी. आत नाफडे नुसत्या शर्टात लॅपटॉपपुढे, ओठ काळेनिळे.

"खिडकी बिघडली का हो?" मी बाहेरूनच विचारलं.

"नाही." त्यांनी टेबलावरचा दुसरा थर्मामीटर माझ्याकडे वळवला. "तिच्या वर्गात बारा आहे. इथे अजून तेराच्या खाली येत नाही."

"पण तुम्ही कशाला...?"

"ती साडेतीनला सुटते. ती यायच्या आत बंद करतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला सांगू नका. बापावर गेली आहे, संशय घेईल."

सभेत मी तक्ता दाखवला. अध्यक्षबाई गोड हसून म्हणाल्या, "वुई'ल हॅव अ लुक."

"कधी?" मी विचारलं.

असं इथे कोणी विचारत नाही. सगळे आपापल्या चौकटीत खाली बघू लागले. शेवटी सोमवारपासून कोटाला परवानगी मिळाली.

सोमवारी दुपारी मी कुंपणावरून डोकावलो. नाफड्यांची खिडकी तशीच उघडी होती. आत ते कोट घालून बसले होते.