जीपमधला पत्रा

अन्याय झाला तो मंदाकाकूंवर. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, दुपारी, नवरा न्हाव्याकडे गेलेला असताना. त्या दुपारी त्यांची जीप सर्व्हिसिंगला गेली, संध्याकाळी परत आली, आणि दुसऱ्या सकाळपासून जीप सुरू झाली की काकूंचा खोकला सुरू व्हायला लागला. त्यांची छाती आधीच दम्यानं नाजूक, आणि झोपायच्या खोलीची खिडकी नेमकी जीपच्या मागे. सावेडीतल्या आमच्या गल्लीत तो खोकला सगळ्यांना ऐकू येत होता. संशय एकालाच आला. काकूंच्या यजमानांना, म्हणजे अण्णांना.

यात नवल काही नाही. अण्णांना संशय कशाचा येत नाही, ते सांगा.

हा माणूस रोज सकाळी जीप चालू करतो, मागे जातो, गुडघे टेकतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरतो. मग तो रुमाल उन्हात धरून खोटी नोट पाहावी तसा पाहतो. रुमाल काळा निघाला की समाधानानं मान हलवतो. "बघा. म्हनलं न्हवतं?" कोणाला म्हटलं होतं, काय म्हटलं होतं, हे विचारायचं नसतं.

अण्णांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली. येणाऱ्या ट्रकपुढे हात आडवा करायचा आणि म्हणायचं, "उघडून दाखवा." पुढे जकात बंद झाली, नाका गेला, अण्णा निवृत्त झाले. हात आडवाच राहिला. भाजीवाल्याच्या पाटीपुढे, कुरिअरवाल्याच्या खोक्यापुढे, शेजारच्या वाढदिवसाच्या केकपुढेसुद्धा. "वर टमाटे दिसत्यात. खाली काय हाय? उघडून दाखवा." दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच, "बसवली कशावरनं?" डॉक्टरांनी संगणकावर फिल्म दाखवली. अण्णा म्हणाले, "ही माझीच छाती हाय कशावरनं?"

माझ्याशी त्यांचं जुनं वैर. मी गाड्यांच्या धुराविरुद्ध पत्रकं काढते, चौकात वाटते, म्हणून त्यांनी माझं नाव ठेवलंय पत्रकबाई. पहिलं पत्रक हातात घेतलं तेव्हा त्यांनी आधी मागची बाजू पाहिली.

"छापनाऱ्याचं नाव हाय, पैसं देनाऱ्याचं न्हाई. मागं कोन हाय?"

"कोणी नाही अण्णा. आम्ही पाच जण वर्गणी काढतो."

"पाच? मग सहावा कुठं लपिवला?"

मलाही त्यांचा संशय होताच. ज्याच्या सायलेन्सरमधून रोज काळा रुमाल निघतो तो माणूस धुराच्या बाजूचा, असं माझं साधं गणित. माझ्या पत्रकावर काळ्याकुट्ट धुराचं चित्र होतं, आणि खरं सांगायचं तर ते अण्णांच्याच जीपचं होतं.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला अण्णा माझ्या दारात उभे राहिले. हातात रुमाल. दुधासारखा पांढरा.

"अरे वा! धूर गेला अण्णा. अभिनंदन."

"अभिनंदन ठिव तिकडं. काळा हुता तवर ही दोनदा खोकायची. आता रुमाल धुतल्यावानी निघतो आन् हिचा खोकला थांबंना. काळं गेलं कुठं? कुनीतरी लपिवलंय."

आधी त्यांनी पंपावरच्या डिझेलवर संशय घेतला. मग काकूंच्या घटापुढच्या उदबत्तीवर. मग माझ्या पत्रकांच्या शाईवर. कारण काकू ती पत्रकं जपून ठेवतात आणि चष्मा लावून वाचतात. शेवटी म्हणाले, "तू धुराची शानी ना? चल, गाडीत बस आन् सांग काय दिसतं."

मी बसले. डॅशबोर्डवर काट्यांच्या शेजारी एक मरून टिकली चिकटवलेली होती. मला वाटलं, नवरात्र आहे, काकूंनी गाडीला कुंकू म्हणून लावली असेल. अण्णांना तसं काही वाटलं नाही. त्यांनी नखानं टिकली उचलली. खाली पिवळा दिवा जळत होता, इंजिनचं चित्र असलेला. गाडीत काहीतरी बिघडलंय, हे सांगणारा दिवा.

अण्णांनी टिकली उलटीपालटी करून पाहिली. "हिच्याच पाकिटातली हाय," एवढंच म्हणाले आणि ती खिशात ठेवली.

तिथून थेट, जिथं सर्व्हिसिंग झालं होतं त्या शहराबाहेरच्या गॅरेजात. रमेश मिस्त्री हात पुसत पुढे आला.

"या अण्णा. च्या सांगू?"

"च्या नगं. बोनेट उघड."

"काय तरास हाय का गाडीला?"

"गाडीला न्हाई. उघडून दाखव."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि पाना घेतला. दोन बोल्ट सुटले, आणि आतून निघाला पत्रा. तेलाच्या डब्याचा कापलेला, तळहाताएवढा, मुकाट.

वाचकहो, हा पत्रा काय असतो ते नीट समजून घ्या, कारण तो तुमच्याही गाडीत असू शकतो. डिझेल गाडीत एक झडप असते, गॅरेजवाले तिला ईजीआर म्हणतात. जळून निघालेल्या धुरातला थोडा हिस्सा ती परत इंजिनात सोडते. त्यामुळे आतली आग जरा निवते आणि विषारी वायू कमी तयार होतो. या झडपेत काजळी साचली की गाडी जड चालते. मग ती खोलून साफ करावी लागते, त्यात अर्धा दिवस जातो. त्याऐवजी वाटेत पत्रा ठोकला की काम झटपट. गाडी उचलते, काळा धूरही कमी दिसतो, मालक खूश. वाढतो तो न दिसणारा वायू. तो रुमालावर येत नाही, माझ्या पत्रकावरच्या चित्रातही येत नाही. तो थेट दम्याच्या छातीत जातो.

मी मिस्त्रीवर तुटून पडले. हे कायद्यात बसत नाही, तुमच्यासारख्यांमुळे गल्लीगल्लीत माणसं खोकतायत, उद्याच्या पत्रकात गॅरेजचं नाव घालते, सगळं बोलले.

"ताई, ऐका तर," मिस्त्री म्हणाला. "मी माझ्या मनानं न्हाई टाकला. गाडी न्यायला गेल्तो तवा काकूच बोलल्या. पाथर्डीला भनीकडं जाताना करंजीच्या घाटात गाडी दम टाकती. आन् अण्णा खाली उतरून मागनं खांदा लावत्यात. छातीत स्प्रिंग हाय ह्यांच्या! काकू म्हनल्या, काय बी कर, पन गाडी घाटात थांबली न्हाई पायजे. मी म्हनलं, काकू, पत्रा टाकतो, पन दिवा लागंल, अण्णा बघतील. तर म्हनल्या, दिव्याचं मी बघते."

मी अण्णांकडे पाहिलं. आता हात आडवा होणार, उलटतपासणी होणार, असं मला वाटलं. अण्णांनी काही विचारलं नाही.

"पत्रा काढून टाक. झडप साफ कर. लागू दे येळ."

अर्धा दिवस ते एका टायरवर बसून राहिले. मिस्त्रीनं काय केलं ते वाकून बघितलंसुद्धा नाही. झडप साफ झाली, गाडी चालू झाली, दिवा विझला. तेव्हा अण्णांनी खिशातून टिकली काढली आणि जपून, होती त्याच जागी, विझलेल्या दिव्यावर दाबून बसवली.

"अण्णा, आता कशाला? दिवा तर गेला."

"तिला कळलं पत्रा काढला, तर घाटात ती रस्त्याकडं न्हाई बघनार. माझ्या छातीकडं बघत बसंल. मागं सारखी बसायची तशी."

"पण खोकला कसा गेला म्हणून सांगणार?"

"डाक्टरच्या गोळीनं गेला म्हनीन. तिचा इस्वास हाय डाक्टरवर."

विश्वास हा शब्द अण्णांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

दसरा झाल्यावर दोघं पाथर्डीला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला कुंपणापाशी बोलावलं. खोकला बराच कमी होता. "अगं, घाटात गाडी कुठंच थांबली न्हाई बघ," त्या हळूच म्हणाल्या. "मिस्त्रीकडनं मी जरा कायतरी करून घेतलंय. ह्यांना पत्ता न्हाई. लई संशयी मानूस, पन हे काय कळलं न्हाई. तू बोलशील बिलशील कुठं."

मी मान हलवली. दोन्ही बाजूंनी तोंड बंद झालेली कार्यकर्ती गल्लीत माझ्याशिवाय दुसरी नसेल.

म्हणून इथं नावं बदलली आहेत. तरीही तुम्ही त्यांना ओळखलंत, तर गप्प बसा. पण तुमच्या स्वतःच्या गाडीबद्दल गप्प बसू नका. उद्या सकाळी गॅरेजात जा आणि झडप उघडायला लावा. पत्रा असेल तर काढा, झडप साफ करून घ्या, अर्धा दिवस गेला तर जाऊ द्या. आणि करंजीच्या घाटात तुमच्या पुढं एखादी जुनी जीप हळू, पण न थांबता चढत असेल, आत एक म्हातारी बाई निवांत रस्त्याकडे बघत बसली असेल, तर मागून हॉर्न वाजवू नका.