उजव्या बुटावरील मिठाच्या डागाचे निवारण

चारित्र्यावरचा डाग माणसं दहा वर्षांत विसरतात. कातडी बुटावरचा मिठाचा डाग मात्र वाळला की उठून दिसतो, आणि एकदा दिसला की त्याच्या मालकाला दुसरं काही दिसत नाही.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात एका गावी ओरेस्ट नाट्युक याने रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी किती मीठ टाकायचं, हे ठरवण्याची एकतीस वर्षं नोकरी केली. (याच मिठाने गावातले सगळे बूट खराब होतात. सार्वजनिक हित आणि खासगी बूट यांचा असा संघर्ष जगभर आहे.) तिथली शहाणी माणसं हिवाळ्यात जाडजूड बूट घालून निघतात, चांगले बूट पिशवीतून नेतात आणि दारात बदलतात. गेल्या वर्षी एका अंत्यविधीला ओरेस्ट पिशवी गाडीतच विसरू नये म्हणून चांगले बूट घालूनच निघाला. गाडीपासून चर्चपर्यंत पावलं चाळीस. तेवढ्यात उजव्या बुटावर पांढरी रेघ उमटली, लांबी सव्वासहा सेंटिमीटर.

आता शनिवारी मुलीचं लग्न होतं. हे बूट ओरेस्टच्या वडिलांचे. तिकडच्या लग्नात बापलेकीचा एक नाच असतो; तो हेच बूट घालून नाचायचा, असं त्याने ती पाच वर्षांची असताना तिला कबूल केलं होतं. लग्नानंतर ती कायमची देशाच्या दुसऱ्या टोकाला, हॅलिफॅक्सला जाणार होती. म्हणून सोमवारी तो कामाला लागला.

इंटरनेटवर बूटप्रेमींचं एक मंडळ आहे. तेवीस तज्ज्ञांनी त्याला सव्वीस मतं दिली. (तिघांचं मध्येच मतपरिवर्तन झालं.) सर्वांत ठाम मत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या गृहस्थाचं होतं, ज्याने बर्फ फक्त पेल्यात पाहिला होता. एकमत एकाच गोष्टीवर झालं: व्हिनेगर एक भाग, पाणी दोन भाग, मऊ फडक्याने पुसा, आत वर्तमानपत्र कोंबून वाळवा, हीटरपासून लांब.

डाग गेला. पण पुसलेली जागा निस्तेज दिसू लागली, म्हणून अख्खा बूट पुसला. उजवा बूट डाव्यापेक्षा वेगळा दिसू लागला, म्हणून समान न्यायाने निरपराध डावाही पुसला. मग दोन्ही बूट सारखेच वाईट दिसू लागले आणि त्याला प्रगती झाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी मुलगी आली. "बाबा, दहा मिनिटं नाचाचा सराव करू या. फक्त दोन फेऱ्या."

"आज नको गं. बूट वाळतायत."

"मोज्यांवर कर ना."

"मोज्यांवर अंदाज येत नाही."

बुधवारी ती पुन्हा आली, तेव्हा कातड्यात क्रीम मुरत होतं. "काकड्या घातल्या असत्या तर एव्हाना लोणचं झालं असतं," बायको लारिसा म्हणाली. घराला व्हिनेगरचा वास येतच होता. मुलीने स्वयंपाकघरात खुर्चीला धरून एकटीनेच एक फेरी मारली आणि घरी गेली.

गुरुवारी पॉलिशचे चार थर, शुक्रवारी सात. दर थरानंतर ब्रश मारून जास्तीचं पॉलिश काढायचं असतं. पण जास्तीच्या पॉलिशनेच चमक येते आहे, असं ओरेस्टच्या पाहण्यात आलं. वस्तुस्थितीशी वाद घालणारा तो माणूस नव्हता. शुक्रवारी मुलीचा फोन आला. ब्रश हातात असल्यामुळे तो लारिसाने घेतला.

शनिवारी बूट पिशवीतून हॉलमध्ये पोहोचले. दिवे त्यांत दिसत होते. चौघांनी कौतुक केलं. (दोघांनी आपणहून.) पायरोगीचं, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, जेवण झालं, वाजंत्री सुरू झाली, आणि बापलेक मधोमध उभे राहिले. नजर बुटांवर ठेवून ओरेस्ट नाचू लागला. पावलं त्याला येत नव्हतीच. दुसऱ्या फेरीत उजवा बूट मुलीच्या पांढऱ्या झग्याच्या घेरावर पडला आणि अकरा थरांपैकी निदान सहा तिथे राहिले.

तांत्रिकदृष्ट्या डाग नष्ट झाला नव्हता, त्याची बदली झाली होती.

ओरेस्ट तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसला. "हलू नकोस. कुणीतरी व्हिनेगर आणा."

"बाबा, राहू दे. ऊठ."

"चोळू नकोस, पसरेल."

"बाबा, गाणं संपतंय."

गाण्याची एक मिनिट चाळीस सेकंदं उरली होती. ती त्याने रुमालाने टिपत काढली. गाणं संपलं तेव्हा तो उठला. मुलगी नवऱ्याच्या टेबलाकडे जात होती. त्याला फार वाईट वाटलं. इतकं, की झगा त्याने ठेवून घेतला.

रविवारी मुलीचं विमान सुटायच्या वेळी तो मंडळाला लिहीत होता: मुलीच्या लग्नाच्या झग्यावर काळं पॉलिश, उपाय सांगा. तासाभरात एकेचाळीस उत्तरं आली. कापड रेशमी की सॅटिन? पॉलिश मेणाचं की क्रीमचं? डागाची रुंदी किती?

मुलीचं नाव कुणीच विचारलं नाही. तुम्हीही इथवर आलात, तिचं लग्न लागलं, ती गेलीसुद्धा, आणि तुमच्या लक्षात आहे ते एवढंच: व्हिनेगर एक भाग, पाणी दोन भाग.