हौसेचे तक्रार अधिकारी

हेडक्लार्कना आयुष्यभर कोणी ‘अधिकारी’ म्हटलं नव्हतं. (घरी जे म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.) त्यामुळे, ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांवर अन्याय झाला तर ऐकून घ्यायला कायद्यानं एक तक्रार अधिकारी नेमावा लागतो, असं विमा कंपनीच्या मॅनेजरनं सांगताच त्यांनी कायदा न वाचता हात वर केला. दारावर पाटी लागली. ती ते रोज स्वतःच्या रुमालानं पुसत.

ऑफिसात ट्रान्सजेंडर कर्मचारी एकच, आणि ती त्यांचीच पुतणी. सख्ख्या आईबापांनी घराबाहेर काढलं तेव्हा काकूनं तिला हाताला धरून आपल्या घरी आणलं होतं. काउंटरवरची नोकरी मात्र तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती, आणि त्या खुर्चीत तिचा जीव होता.

एक दिवस एक गिऱ्हाईक तिच्याकडे बघून नाक मुरडून गेलं. मॅनेजर म्हणाला, “काहीतरी सोय करा.” हेडक्लार्कनी सोय केली. पुतणीचं टेबल मागच्या रेकॉर्डरूममध्ये गेलं, उंदरांच्या शेजारी.

संध्याकाळी चहा घेताना ती म्हणाली, “काका, मला तक्रार करायचीय.”

“कोणाविरुद्ध?”

“तुमच्याविरुद्ध.”

काकांना ठसका लागला. “अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं. लोकांना अवघडल्यासारखं होतं.”

“हे काका बोलतायत की अधिकारी?”

यावर दोघंही चहाच्या कपात तोंड घालून बसले. काकाही आणि अधिकारीही.

पण कायदा तो कायदा. हेडक्लार्कनी स्वतःला नोटीस काढली, स्वतःच सही करून घेतली, स्वतःकडून खुलासा मागवला आणि तो वाचून त्यांना स्वतःची फार दया आली. निकाल लागला : तक्रारीत तथ्य नाही. (चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय.)

पुतणीनं निकाल वाचला, राजीनामा टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बॅग उचलून घरातूनही गेली. कुठे, ते सांगितलं नाही. काकू फोन लावून लावून थकली. पोरीच्या काळजीनं तिच्या घशाखाली घास उतरेना, आणि नवऱ्याशी तर ती बोलेचना.

रविवारी काकूचा भाऊ सहकुटुंब जेवायला आला. हेडक्लार्क हात धुऊन आले, तर टेबलाशी त्यांची खुर्चीच नव्हती. ताट मागच्या अडगळीच्या खोलीत, पिंपाच्या झाकणावर वाढलेलं.

“हे काय?”

“तुम्हाला बघून पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं,” इतक्या दिवसांनी काकू बोलली. “तुमच्या भल्यासाठीच केलं.”

“हा अन्याय आहे. मी तक्रार करीन.”

“करा की. अधिकारी घरातच आहेत.”

हेडक्लार्क मुकाट्यानं पिंपाशी जेवायला बसले. त्या अधिकाऱ्याकडे दाद मागण्यात काही अर्थ नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?