सुभेदार एकटेच गाण्याला जातात

मोहितेकाका आयुष्यात कशाला घाबरत असतील, तर ओळखीच्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीला.

हे मला लखनौला आल्याच्या पहिल्याच महिन्यात कळलं. बँकेने माझी बदली नाशिकहून थेट लखनौला केली होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, लग्न व्हायचं होतं आणि निशातगंजमध्ये वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली होती. खाली घरमालक मोहितेकाका आणि काकू राहत. काका मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. शेवटचं पोस्टिंग लखनौला होतं, तिथेच एका कारखान्यात सिक्युरिटीचं काम मिळालं आणि ते राहून गेले. आवाज असा की काकांनी गल्लीत "कोण हाय रे?" म्हटलं की झोपलेली कुत्रीसुद्धा उठून नीट उभी राहत.

तर त्या महिन्यात कैसरबागेतल्या एका सभागृहात सतारीचा कार्यक्रम होता. परक्या गावात आपलं माणूस दिसल्यावर जो आनंद होतो तो मला झाला. काका मधल्या रांगेत बसले होते, शेजारची खुर्ची रिकामी होती. मी जाऊन बसलो.

"अरे वा, काका! तुम्हीसुद्धा?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सुरुंगावर पाय ठेवलाय. मग उठून म्हणाले, "ही सीट मोडकी हाय," आणि थेट भिंतीच्या कडेला, खांबाआड जाऊन बसले. मी त्यांच्या खुर्चीवर बसून बघितलं, हलून बघितलं. खुर्ची ठणठणीत होती.

पुढे समजलं, की हा माझ्या एकट्याचा अपमान नव्हता. काका कुठल्याही गाण्याला, कव्वालीला, मुशायऱ्याला एकटेच जायचे. काकूंनासुद्धा नेत नसत. कुणी "आम्हीही येतो" म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "एकला गडी, निम्मं वझं." आणि त्यावर फौजी हिंदीचा शिक्का, "बस, बात खतम!"

बाजाराला दोघं बरोबर जात. देवळात दोघं. सिनेमाला, मारामारीचा असेल तर, अख्खी गल्ली घेऊन जात आणि खलनायकाला पडद्यासमोरून हुकूम सोडत. पण जिथे सूर लागणार, तिथे काका एकटे. मराठी मंडळाच्या गणपतीत गाणं असलं की त्यांची पंचाईत व्हायची, कारण तिथे सगळेच ओळखीचे. मग ते जाहीर करायचे, "मी चपला सांभाळतो. आजकाल लई चोऱ्या हुत्यात." गाणं संपेपर्यंत बाहेर जनरेटरच्या धडधडीत चपलांसमोर खडा पहारा. एका वर्षी अध्यक्षांनी चपलांसाठी वेगळा माणूस नेमला, तर काका जनरेटरचा पहारा करायला लागले.

एकदा समोरच्या मिश्राजींच्या मुलीचं लग्न होतं. दारात सनई लागली आणि काका जेवणाच्या मांडवामागे, हलवायाच्या कढईपाशी जाऊन उभे राहिले. मी शोधत गेलो तर कचोरीकडे रोखून बघत होते.

"काका, आत चला, सगळे विचारताहेत."

"तेल बघतोय. तेल बराबर न्हाई."

हलवाई बिचारा हात जोडून म्हणाला, "सूबेदार साहब, शुद्ध घी है."

"मंग घी बराबर न्हाई," काका म्हणाले आणि सनई थांबेपर्यंत हलले नाहीत.

हे असं चाललं होतं, आणि कुणाची त्याबद्दल तक्रारही नव्हती. मग त्या हिवाळ्यात भानगड सुरू झाली.

काका दर रविवारी दुपारी नाहीसे व्हायला लागले. जेवण झालं की पांढरा कुर्ता, इस्त्री अशी की घडीने बोट कापावं. बूट चकचकीत. कानामागे अत्तर. मग सायकल काढायची, "जातोय, येतो" म्हणायचं, की निघाले. कार्यक्रम असता तर कुठेतरी पोस्टर लागलं असतं, वर्तमानपत्रात आलं असतं. तसं काही नव्हतं. आणि एका रविवारी मिश्राजींच्या बायकोने, जिला गल्लीत सगळे मिश्राइन म्हणत, काकूंना कुंपणावरून बातमी दिली.

"बहनजी, बुरा मत मानिएगा. भाईसाहब को हमने चौक में देखा. फूलवाले के यहाँ गजरा ले रहे थे."

"गजरा?" काकू म्हणाल्या.

"हाँ. हमने सोचा, आपके लिए होगा."

काकूंच्या केसात त्या संध्याकाळी गजरा नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हता.

काकू म्हणजे शांत बाई. लग्नानंतर फौजेबरोबर देशभर फिरलेल्या, पण बोली साताऱ्याची जशीच्या तशी. त्यांचा पुरणपोळीवर आणि नवऱ्यावर सारखाच विश्वास. तो विश्वास आता करपायला लागला. आधी भाजीत मीठ कमी-जास्त व्हायला लागलं. मग एके दिवशी मी भाड्याचे पैसे द्यायला खाली गेलो तर काकू पलंगावर ट्रंक उघडून बसल्या होत्या आणि साड्या भरत होत्या.

"गावाला निघालात?"

"सुमीकडं जाते कोल्हापूरला." सुमी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन कोल्हापूरला गेलेली. "हितं माझं काय काम हाय?"

मग मला सगळं सांगितलं. गजऱ्याचं, अत्तराचं, चौकाचं. सांगताना एकदाही रडल्या नाहीत, फक्त एकच साडी पाच-सहा वेळा घडी केली. शेवटी म्हणाल्या, "प्रकाश, तू मला लेकासारखा हायस. रविवारी जाऊन बघून ये. जे असंल ते मला सांग. लपवू नको."

असल्या कामाला मी अगदी नालायक माणूस. पण त्या साडीची घडी बघून नाही म्हणवेना.

रविवारी काका सायकलवर निघाले, पाठ ताठ, जणू परेडला सलामी द्यायला. मी मागून सायकलरिक्षा केली.

"उस साइकिल के पीछे चलो," मी हळूच म्हणालो.

रिक्षावाल्याने मागे वळून माझ्याकडे नीट बघितलं. "मामला थाने का है कि घर का?"

"घर का."

"तब तो तेज चलना पड़ेगा," तो म्हणाला आणि उभं राहून पायडल मारायला लागला.

गोमतीचा पूल ओलांडला, कैसरबाग गेली. रिक्षावाला इतका रंगात आला की दोनदा काकांच्या पुढे निघून गेला आणि दोनदा मला तोंडावर मफलर ओढून डुलकी लागल्याचं सोंग करावं लागलं. चौकात गल्ल्या अरुंद झाल्या. चिकनकारीच्या दुकानांबाहेर कुर्ते लोंबत होते, कबाबांचा धूर होता, आणि त्या गर्दीत काका सायकल हातात धरून चालत होते. फुलवाल्यापाशी थांबले. गजरा घेतला. पानात गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून, एका जुन्या हवेलीच्या जिन्यात शिरले.

वरून बाईच्या आवाजात गाणं ऐकू येत होतं.

आता काकूंना काय सांगायचं? जिन्यात मी कितीतरी वेळ उभा राहिलो. मग एक शेरवानीवाले म्हातारे गृहस्थ वर जाता जाता मला म्हणाले, "आइए साहब, यहाँ क्यों खड़े हैं? तशरीफ़ लाइए." लखनौच्या माणसाने असं बोलावल्यावर पळून जाता येत नाही. मी वर गेलो.

मोठी खोली होती. खाली पांढरी चादर, त्यावर पंधरावीस माणसं दाटीवाटीने बसलेली. समोर हार्मोनियमवर एक बाई गात होती. वय सत्तरीच्या पुढे, पुढचे दात गेलेले, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. काकांचा गजरा तिच्यासमोर, इतरांनी आणलेल्या फुलांबरोबर ठेवलेला होता. घरातलीच रविवारची बैठक होती ती. तिला पोस्टर कोण लावणार?

माझा जीव भांड्यात पडला. इतका, की मी त्या परक्या घरात, परक्या माणसांत, एकटाच हसलो. बाईंना वाटलं मी दाद दिली. त्यांनी मान तुकवली.

मग मी काकांना शोधलं. ते सगळ्यात मागे, खांबाला टेकून बसले होते. आणि रडत होते.

डोळ्यांत पाणी आलं होतं, असं नव्हे. रडत होते. खांदे हलत होते, नाक वाहत होतं, एरवी दरारा बसवणाऱ्या मिशा भिजून खाली वळल्या होत्या. बाईंनी एक जागा पुन्हा घेतली की काकांना पुन्हा उमाळा येत होता. लहान मुलाला बाजारात आई हरवल्यावर येतो, तसा. आणि त्या खोलीतलं एकही माणूस त्यांच्याकडे बघत नव्हतं. शेरवानीवाले गृहस्थ तर त्यांच्या शेजारीच बसले होते, पण छताकडे बघत मान डोलवत होते.

मी हळूच उठलो, तेवढ्यात काकांची नजर माझ्यावर पडली. गाणं संपल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"बघितलंस?"

"हो, काका."

"बँकेत सांगशील?"

"नाही, काका."

ते पायरीवर बसले. मीही बसलो. पहिल्यांदाच ते माझ्या शेजारून उठले नाहीत.

"फौजेत तीस वर्सं काढली," ते म्हणाले. "रडनारा सुभेदार बघितलाय का कुनी? आई गेल्याची तार आली तवा मी पोरांची परेड घेत हुतो. तार खिशात ठिवली आन् परेड पुरी केली. तवा जे आत ऱ्हायलं ते आता असं गानं ऐकलं की भाईर येतं. मोकळं वाटतं, बग. पन शेजारी वळखीचं मानूस असलं की अडकतं. मंग दोन दिस छाती दुखती."

"म्हणून एकटे जाता?"

"मंग काय, मला मानसं नकोत व्हय?"

मी म्हटलं, "काका, काकूंना वाटतंय की इथे कुणी बाई आहे. त्यांनी ट्रंक भरलीय."

काकांनी गुडघ्यावर हात मारला. "बाई? ह्या गुडघ्यानं?" मग इतके हसले की वरचे लोक जिन्यात डोकावले. पण हसू ओसरल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"प्रकाश, असं कर. तिला सांग, बाई हाय म्हनून."

"काय?"

"सांग बाई हाय. भांडंल, चार दिस बोलायची न्हाई, ते मी निस्तरीन. पन रडतो म्हनून सांगू नको."

मी त्यांना काहीच वचन दिलं नाही. ते पुन्हा वर गेले, मी निशातगंजला परतलो. काकू दारातच उभ्या होत्या. ट्रंकेला कुलूप लागलं होतं.

"काकू, बाई आहे," मी म्हणालो. त्यांनी चौकट धरली. "सत्तरीची आहे. दात नाहीत. घरी बैठक असते, ती गाते आणि पंधरावीस माणसं ऐकतात. गजरा गाण्याला वाहायचा असतो. आणि काका मागे बसून रडतात."

काकू खाली पायरीवरच बसल्या. पदर तोंडाला लावला, आणि मला कळेना की हसताहेत की काय करताहेत. हसतच होत्या. डोळे पुसत, पुन्हा हसत. मग एकदम थांबल्या.

"रडत्यात? खरं सांगतोस?"

"ढसाढसा."

"सुमीच्या लग्नात," काकू सावकाश म्हणाल्या, "सगळा मांडव रडत हुता. वाजंत्रीवालं रडत हुतं. आन् हे गाडीच्या चाकात हवा हाय का बगत हुते. लेक पाया पडली तर म्हनले, डायवर, निघा टायमात. मी ते मनात धरून बसले रे इतकी वर्सं. म्हटलं, ह्या मानसाला आतडंच न्हाई."

त्या उठल्या, आत गेल्या आणि ट्रंकेचं कुलूप काढल्याचा आवाज आला. काका संध्याकाळी आले तेव्हा साड्या कपाटात होत्या आणि ताटात पुरणपोळी होती. काकूंनी काही विचारलं नाही. काकांनी माझ्याकडे रागाने बघितलं, मग पोळीकडे बघितलं आणि राग पोळीबरोबर गिळून टाकला.

त्यानंतर काकांना सोबतीचा त्रास कधी झाला नाही. कारण गल्लीत कुणी "सुभेदारसाहेब, आम्हीही येतो गाण्याला" म्हटलं, की काकूच पुढे होऊन सांगायच्या, "त्यास्नी एकट्यालाच जाऊ द्या. गर्दीत त्यास्नी घुसमटतं." मिश्राइनलाही त्यांनी आपल्या हिंदीत ठणकावलं, "बहनजी, हमारे ये अकेलेच जाते हैं. हमकोच पूछना नहीं, तो तुमको क्या पूछना?"

पुढच्या उन्हाळ्यात सुमी माहेरपणाला आली, नवऱ्याबरोबर, तान्ह्या लेकीला घेऊन. महिनाभराने परत निघाली तेव्हा आम्ही सगळे चारबाग स्टेशनवर गेलो. काकांची धांदल चालली होती. सामान मोजत होते, हमालाला शिस्त शिकवत होते, डब्याच्या खिडकीचे गज हलवून बघत होते. सुमी खिडकीत बसली, मांडीवर पोर. गाडी सुटायला थोडा वेळ उरला होता. काका खिडकीचा गज तपासतच राहिले.

काकू मला म्हणाल्या, "प्रकाश, तिकडं चहा मिळतो का बग." जावयाला म्हणाल्या, "तुमी जरा पाणी भरून घ्या." मी दोन पावलं जाऊन मागे बघितलं, तर काकूंनी डोळे वटारले, म्हणून मीही पाठ फिरवून चहाच्या टपरीकडे बघत उभा राहिलो. मग काकू स्वतः खिडकीपासून जरा दूर झाल्या आणि गाडीकडे पाठ करून, समोरच्या रिकाम्या रुळांकडे बघत राहिल्या.

आमच्या मागून सुमीचा आवाज आला, "आबा, अहो आबा..." आणि मग काकांचा तो आवाज आला, जो मी चौकातल्या त्या खोलीत ऐकला होता.

आम्ही कुणीच वळलो नाही. शिट्टी झाली, जावई पाणी घेऊन आमच्यासमोरून डब्याकडे धावले, गाडी हलली, डबे एकेक करून पुढे गेले. गाडी गेल्यावर मागे शांत झालं. काकांच्या नाक ओढण्याचा आवाज तेवढा येत होता.

काकूंनी मागे न बघताच पदराचं टोक हातात घेतलं आणि मागे केलं. काकांनी ते घेतलं.